मदत हवी आहे: हुकूमशहा आधी लाडका, मग अचानक नकोसा का होतो?

मंडळी, जरा मदत करा, डोकं चक्रावलंय. १९८३ च्या डिसेंबरात अमेरिकेचे खास दूत रम्सफेल्ड बगदादला जाऊन इराकच्या सद्दामशी हात मिळवून येतात, १९८८ ला त्याने इराकमधल्याच हलब्जामध्ये कुर्दांवर विषारी गॅस सोडला तरी अमेरिका संबंध तोडत नाही, आणि ऑगस्ट १९९० मध्ये तोच माणूस कुवेतमध्ये घुसला की एकदम राक्षस ठरतो. म्हणजे स्वतःच्या देशातली माणसं मारली ते चाललं, पण तेलाच्या विहिरींना हात लावला ते नाही चाललं, असंच ना? की मी फारच सोपं करून टाकतोय?

कारण नोरिएगाचं बघा, पनामाचा हा गडी सीआयएचे पैसे घ्यायचा, पुढे १९८८ ला अमेरिकेतच त्याच्यावर ड्रग्जची केस पडली आणि डिसेंबर १९८९ ला थेट सैन्य उतरवलं, तिथे तेलबिल काही नव्हतं, कालवा होता म्हणा. झैरेचा (आताचा काँगो) हुकूमशहा मोबुटू, त्याचं अजून वेगळं. त्याने नवीन काहीच केलं नाही, तीच जुनी लूट चालू होती, फक्त शीतयुद्ध संपलं आणि त्याची गरजच उरली नाही. फिलिपिन्सच्या मार्कोसला मात्र १९८६ मध्ये सत्ता गेल्यावर विमानात घालून हवाईला सुखरूप नेलं, ही मेहेरबानी त्याच्यावरच का?

माझा खरा प्रश्न असा की हा निर्णय नेमका कशावरून फिरतो, गरज संपली म्हणून, माणूस ऐकेना म्हणून, की घरच्या मतदारांपुढे लाज वाटायला लागते म्हणून? आणि रशिया-चीनच्या बाजूची अशी उदाहरणं असतील तर तीही सांगा, मला सोव्हिएत फौजांनीच मारलेला अफगाणिस्तानचा अमीन सोडून पटकन कोणी आठवत नाहीये.