मेंदूत किडा?? आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही - मदत हवी आहे (अर्जंट)

बार्शीची_लेक
भावाला परवा परत फिट आली. आता एमआरआय केला तर मेंदूत उजव्या बाजूला गाठ निघाली. एक डॉक्टर म्हणतात टेपवर्मचा किडा आहे, दुसरे म्हणतात टीबीची गाठपण असू शकते. टेपवर्म डुकराच्या मांसातून होतो असं नेटवर वाचलं आणि डोकंच सणकलं. आमचं माळकरी घर आहे, वडिलांची वारी चुकत नाही, अंडंसुद्धा घरात येत नाही आणि आई आता भावाकडे अशी बघतेय की विचारू नका, तो बिचारा माउलीची शपथ घेऊन सांगतोय की काही खाल्लं नाही. मग हा किडा आला कुठून? आणि औषध किड्याचं घ्यायचं का टीबीचं? सोमवारी परत दाखवायचंय, अनुभव असेल त्यांनीच सांगा. काढे वगैरे सुचवू नका प्लीज.

चकलीभाजणी
वय काय भावाचं? "परत" म्हणजे आधी कधी आली होती? कुठल्या गोळ्या चालू आहेत? गाठ एकच का जास्त, किती मिमी? ताप, वजन उतरणं, घरात कुणाला टीबी? एवढं सांगितल्याशिवाय काय सांगणार लोक.

निवांत_नाना
ताई घाबरू नका. फिट आली की लगेच कांदा फोडून नाकाला लावायचा, नाहीतर चामड्याची चप्पल. आमच्या गावात एकाला दर अमावस्येला यायची, कांद्याने दोन मिनिटांत उठून बसायचा.

चकलीभाजणी
नाना, बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबते, कांदा लावा नाहीतर बटाटा. उगाच काहीतरी. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, तोंडात चमचा-बिमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली तर थेट हॉस्पिटल.

निवांत_नाना
चमचा नाही घातला तर जीभ गिळतो ना माणूस?

चकलीभाजणी
जीभ गिळता येत नाही हो. चावली जाते, ती बरी होते. चमच्याने दात तुटतात आणि घालणाऱ्याची बोटं जातात.

बार्शीची_लेक
फर्स्ट एडचं विचारलं नव्हतं मी. वय २३, पुण्यात एमपीएससी करतो. रिपोर्टमध्ये लिहिलंय सिंगल रिंग एनहान्सिंग लेजन (म्हणजे स्कॅनमध्ये कड गोल कड्यासारखी चमकते अशी एकच गाठ), १२ मिमी, भोवती सूज. ताप नाही, वजन नाही उतरलं. पहिली फिट उन्हाळ्यात आली, तेव्हा जागरणाने आली असेल म्हणाले, स्कॅन नाही केला, लेव्हेटिरासिटाम दिली. ती त्याने बंद केली कारण सारखी चिडचिड व्हायची, रूममेटशी भांडणं झाली. पण तो मुद्दा नाहीये, किड्याचं सांगा.

ढगफुटी
ताई, तो मुद्दा कसा नाही?? फिटची गोळी एकदम तोडली की फिट परत येते, कधी कधी आधीपेक्षा जोरात. चिडचिड होते हे खरं आहे, त्या गोळीने बऱ्याच जणांना होते, पण त्यासाठी डॉक्टरला सांगून गोळी बदलून घ्यायची असते, मनाने बंद नाही करायची. माझ्या बायकोला हीच गोळी होती, भांडी आपटायची नुसती, बदलून दिल्यावर घर शांत झालं.

आता किडा. बायकोला हाच निघाला होता आणि तीपण शाकाहारी. नीट न शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं तर टेपवर्म होतो तो आतड्यात. मेंदूतला वेगळ्या वाटेने येतो. ज्याच्या आतड्यात टेपवर्म आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात, ती हाताला लागतात, पाण्यात, भाजीवर जातात, आणि ती पोटात गेली की अळी निघते, आतडं भेदून रक्तातून मेंदूत नाहीतर स्नायूत नाहीतर डोळ्यात जाऊन बसते. म्हणजे मेसमध्ये कोशिंबीर कालवणाऱ्याने हात धुतले नसतील तर माळकऱ्यालासुद्धा होतो. आईंना हे वाचून दाखवा, पोराने माळ बाटवलेली नाही. आणि कुठल्या मेसमध्ये झालं ते शोधत बसू नका, अळी आत जाऊन बसल्यावर फिट यायला कित्येक महिने, वर्षंही जातात. जिवंत असते तोवर बहुतेक वेळा गप्प असते, मरायला लागली की भोवती सूज येते आणि तेव्हा फिट येते.

खवय्या_नं१
कोबी बंद करा कोबी! मी कधीपासून सांगतोय, कोबीत हा किडा असतो. चायनीजच्या गाड्यांवर बंदीच घातली पाहिजे.

ढगफुटी
कोबीत दिसते ती हिरवी अळी आणि टेपवर्म यांचा काही संबंध नाही. कोबीवर अंडी असू शकतात तशी कोथिंबिरीवर, गाजरावर, मुळ्यावरही असू शकतात, घाण पाणी दिलेलं असेल तर. शिजवली की मरतात. म्हणजे कोबीची भाजी बिनधास्त खा, कच्चं नीट धुऊन खा.

खवय्या_नं१
तुम्ही खा. मी नाही खाणार.

सातारी_कंदी
टीबीपण हलक्यात घेऊ नका. माझ्या चुलतभावाला आधी किड्याचं औषध दिलं, गाठ वाढतच गेली, शेवटी टीबी निघाला आणि वर्षाच्या वर गोळ्या खाल्ल्या. सरळ टीबीचा कोर्स सुरू करा.

चकलीभाजणी
असं "सरळ सुरू करा" इथून कसं सांगता? गाठ २० मिमीच्या आत, गोल, एकच आणि ताप वगैरे नाही, तर कल किड्याकडे जातो. मोठी, वेडीवाकडी असेल तर टीबीचा संशय जास्त. रिंगच्या आत ठिपका दिसला तर ते किड्याचं डोकं, मग प्रश्नच मिटला. म्हणून नुसता कागद नाही, एमआरआयची सीडी न्या, न्यूरोवाल्यांना फिल्म स्वतः बघायची असते. काही वेळा थांबून परत स्कॅन करून ठरवतात.

सातारी_कंदी
आमच्याकडे पण थांबा थांबाच म्हणत होते. असो.

पेठेतला_आरटीओ
भाऊ बाईक चालवतो का? लायसनच्या फॉर्म १ मध्ये अपस्माराचा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो. सध्या गाडीची चावी काढून घ्या. पोहणंपण बंद, आणि बाथरूमला आतून कडी नको.

निवांत_नाना
माझं ऐका, लग्नाचं वय आहे, बाहेर कुणाला कळू देऊ नका. फिटवरून घटस्फोट होतो.

ढगफुटी
नाना, हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार १९९९ लाच काढून टाकला. लपवाछपवी केलीत तर मात्र पुढे भांडणं होतील. आणि इथे लग्नाचं कुणी विचारलंय?

बार्शीची_लेक
लग्न कुठून काढलंत मधेच. आईला वाचून दाखवलं, आता ती मेसवाल्याला शिव्या घालतेय. ढगफुटी, औषध कसं असतं किड्याचं? मेडिकलमधून अल्बेंडाझोल आणून चालू करू का? जंताची असते तीच ना?

ढगफुटी
नका करू!! जंताची एक गोळी वेगळी, इथे वजनावर डोस ठरतो आणि १०-१४ दिवस घेतात. शिवाय किडा मरताना सूज वाढते म्हणून सोबत स्टिरॉइड लागतं, नाहीतर औषधानेच फिट येईल. आणि आधी डोळे तपासतात, डोळ्यात किडा असला तर तो तिथे मेल्यावर नजर जाऊ शकते. फिटची गोळी त्याच्या पुढेही चालू राहते, गाठ विरघळली का ते बघून मग हळूहळू कमी करतात. आत्ता सोमवारची वाट बघू नका, आधीच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा गोळी परत कशी सुरू करायची.

चकलीभाजणी
+१. आणि रात्रभर अभ्यास बंद. झोप मोडली की फिटला आमंत्रणच.

बार्शीची_लेक
फोन केला, आज रात्रीपासून गोळी चालू करायला सांगितली. डोळे न्यूरोवालेच बघतात का?

ढगफुटी
नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा बघतात, त्या दिवशी त्याला एकट्याला पाठवू नका, थोडा वेळ धूसर दिसतं.

खवय्या_नं१
आणि मेसमध्ये कोबी असतो का ते विचारा त्याला.