शब्दचर्चा: ‘घरघर’, ‘शुश्रूषा’ आणि अखेरच्या दिवसांतले शब्द

विचारणा

अखेरच्या आजारात असलेल्या रुग्णांच्या घरच्यांसाठी चार पानी माहितीपत्रक मराठीत करायचं आहे आणि काही शब्दांपाशी गाडी अडली आहे. ‘पॅलिएटिव्ह केअर’ला, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या सेवेला, कुणी परिहार सेवा म्हणतं, कुणी उपशामक सेवा, कुणी वेदनाशामक सेवा. यातलं काय घ्यावं? अखेरच्या दिवसांत अशी सेवा देणाऱ्या ‘हॉस्पिस’ला मराठी शब्द शोधायलाच हवा का? मसुद्यात ‘अंत्यकालीन श्वसनस्रावध्वनी’ असा एक शब्द आहे. तो वाचून रात्री दोन वाजता रुग्णाजवळ बसलेल्या माणसाला काय कळेल? ‘मुमूर्षू’ चालेल की ‘मरणासन्न’ बरा? आणि ‘काळजीवाहक’ कानाला खटकतो, तो नेमका कशामुळे?

कोशाच्या अंगाने

‘वेदनाशामक’ आधी बाजूला ठेवा. ते गोळीचं विशेषण आहे. या सेवेत धाप, मळमळ, बद्धकोष्ठ, कोरडं पडलेलं तोंड, उडालेली झोप, घरातल्या पैशाची विवंचना आणि मनाला लागलेली टोचणी, सगळंच येतं.

परिहार आणि उपशम यांत फरक आहे. परिहार म्हणजे दूर करणं. श्रमपरिहाराने श्रम जातात, शंकेचा परिहार झाला की शंका उरत नाही. इथे आजार जाणार नाही हे धरूनच काम चालतं. ‘शम्’ धातूत जोर ओसरण्याचा, निवण्याचा भाव आहे, म्हणून ‘उपशामक’ जास्त प्रामाणिक वाटतो. मात्र दारावरच्या पाटीवर ‘पॅलिएटिव्ह’च लिहिलेलं असतं. पहिल्या वाक्यात दोन्ही शब्द द्या, पुढे एकच चालवा.

मूळ लॅटिन ‘पॅलियम’ म्हणजे अंगाभोवती घ्यायचं वस्त्र. त्यावरून ‘मायेचं पांघरूण’ अशी वाक्यं लिहिण्याचा मोह होतो. तो आवरावा. ‘पांघरूण घालणं’ म्हणजे मराठीत दोष झाकणं, आणि इंग्रजीतल्या मूळ क्रियापदालाही तीच छटा आहे. आजार आपल्यापासून लपवला जातोय की काय, या संशयात असलेल्या नातेवाइकाच्या हाती तो शब्द देऊ नये.

‘हॉस्पिस’ लॅटिन ‘हॉस्पेस’वरून आला. त्याचा अर्थ पाहुणाही आणि यजमानही. हॉस्पिटल, हॉटेल, होस्टेल ही त्याचीच भावंडं. मध्ययुगात हॉस्पिस म्हणजे यात्रेकरूंच्या उताराची जागा, म्हणजे जवळजवळ आपली धर्मशाळा. पण ‘धर्मशाळेत ठेवलं’ हे आज ‘टाकून दिलं’ असं ऐकू येतं. फ्रेंचमध्ये नेमकं हेच झालं होतं: तिथे ‘हॉस्पिस’ म्हणजे निराधारांचा आश्रम. म्हणूनच कॅनडातल्या फ्रेंचभाषक मॉन्ट्रियलमध्ये डॉ. बाल्फर माउंट यांनी १९७०च्या दशकात ‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव पुढे आणलं. त्याआधी १९६७ मध्ये ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं होतं. तेव्हापासून हॉस्पिस हे इमारतीपेक्षा पद्धतीचं नाव झालं. ती पद्धत घरच्या खाटेवरही चालते, म्हणून नावात ‘गृह’, ‘सदन’, ‘आलय’ काही जोडू नका. ‘हॉस्पिस’ आहे तसाच राहू द्या.

परिचारिका

‘अंत्यकालीन श्वसनस्रावध्वनी’ खोडून टाका. मराठीत त्याला ‘घरघर’ म्हणतात. बुडीत उद्योगाला घरघर लागली, असं वर्तमानपत्रं लिहितात, म्हणजे शब्द जिवंत आहे. श्वासासाठी मराठीत चार वेगवेगळे शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्दाला वेगळी कृती लागते.

धाप रुग्णाला स्वतःला जाणवते. तो घाबरतो, बोलता बोलता थांबतो. इथे लगेच काहीतरी करायचं असतं: पाठीला उशा देऊन बसतं करा, खिडकी उघडा, छोटा पंखा गालावर आणि नाकातोंडाशी वारा येईल असा धरा. रक्तातला ऑक्सिजन कमी नसेल तर नळीतून ऑक्सिजन दिल्याने पंख्याहून वेगळा फायदा सहसा होत नाही. अगदी कमी मात्रेतलं मॉर्फिन धाप कमी करू शकतं.

घरघर ऐकणाऱ्याला त्रास देते. रुग्णाला बहुधा नाही, कारण तोवर तो ग्लानीत असतो. गिळण्याची आणि खोकण्याची क्रिया मंदावलेली असते, घशात थोडी लाळ साठते आणि श्वासाची हवा तिच्यातून जाते. लागलीच त्याला कुशीवर वळवा, डोक्याकडची बाजू साधारण ३० अंश उचला, तोंड किंचित खाली झुकू द्या म्हणजे लाळ गालावाटे बाहेर येईल. नळी खोल घालून ओढत बसू नका. घसा दुखावतो आणि लाळ पुन्हा जमते. लाळ आटवणारी ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसिन ही इंजेक्शनं नवी लाळ थांबवतात, साठलेली काढत नाहीत. त्यामुळे आवाज फार वाढल्यावर दिली तर उपयोग कमी. आणि सलाईन चालू असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा, कारण शरीराला न पेलणारं पाणी घशात, फुप्फुसात आणि पायांवर सूज बनून उतरतं.

ऊर्ध्व लागणं वेगळं. त्यात लय बदलते: श्वास खोल होत जातो, मग उथळ होतो, मग १०–२० सेकंद, कधी मिनिटभर थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. पहिल्यांदा तो थांबला की घरात आकांत होतो, म्हणून हा शब्द पत्रकात आधीच हवा. आचके सगळ्यात शेवटचे. फक्त जबडा हलतो आणि मधलं अंतर वाढत जातं. तेव्हा गुडघ्यांवर, तळव्यांवर जांभळी जाळी उमटलेली असते, हातपाय गार पडलेले असतात. गरम पाण्याची पिशवी लावू नका, संवेदना गेलेल्या कातडीला भाजतं. हलकं पांघरूण पुरे.

व्याकरणाकडून

‘शुश्रूषा’ आणि ‘मुमूर्षू’ एकाच साच्यातले आहेत. दोन्ही इच्छार्थक रूपं. ‘श्रु’ म्हणजे ऐकणं, त्यावरून शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यातून पुढे आला. रुग्णसेवेला याहून चपखल शब्द नाही.

‘मुमूर्षू’ शब्दशः ‘मरू इच्छिणारा’. पण संस्कृत व्याकरणकार पाणिनीच्या ३.१.७ या सूत्रावर वार्त्तिक, म्हणजे पुरवणी नियम आहे, की शंका किंवा भीती दाखवायची असली तरी हेच रूप वापरावं. उदाहरण नदीच्या काठाचं: ‘कूलं पिपतिषति’. काठाला पडायची इच्छा नसते, तो पडेलसं दिसतं. तसाच मुमूर्षू, म्हणजे ज्याचं मरण जवळ दिसतं तो. संस्कृतात अर्थ बिनचूक आहे. मराठी कान मात्र जिज्ञासू, मुमुक्षू ऐकून तयार झालेला, त्याला त्यात इच्छाच ऐकू येणार, आणि पुढचा प्रश्न येईल, ‘म्हणजे इच्छामरण का?’ जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे ही सेवा मरण जवळही आणत नाही आणि लांबवतही नाही. एका शब्दापायी हा गोंधळ नको. ‘मरणासन्न’ कागदोपत्री ठीक, पत्रकात ‘अखेरच्या दिवसांत असलेला रुग्ण’ लिहा.

शुद्धलेखन: शुश्रूषा. ‘सुश्रुषा’ नव्हे.

वेदनोपचारातून

पत्रकात ‘वेदना होत असल्यास कळवावे’ एवढंच असेल तर ते वाया गेलं. ‘वेदना होतात का?’ या प्रश्नाला बहुतेक रुग्ण ‘नाही हो, जरा दुखतं’ असं उत्तर देतात. वेदना हा पुस्तकी शब्द, दुखणं हा घरातला. पुढे, दुखतं म्हणजे कसं, हे सांगायला मराठीत जेवढे शब्द आहेत तेवढे वापरून विचारावं, कारण त्यावर औषध ठरतं.

ठणका लागतो आणि हललं की वाढतो, म्हणाला तर हाडाकडे बघायचं. तिथे सूज उतरवणारी औषधं लागतात, कधी थोडं रेडिएशन. आग होते, चमक निघते, मुंग्या येतात, नुसतं कापड लागलं तरी झोंबतं, हे मज्जातंतूचं. त्यावर एकटं मॉर्फिन अपुरं पडतं, गॅबापेन्टिन किंवा अॅमिट्रिप्टिलिनसारखं औषध जोडावं लागतं. कळ येते, पीळ पडतो आणि ओसरतो, हे आतड्याचं. आधी शौचाला कधी झालं ते विचारायचं. ‘रग लागलीय’ म्हटलं तर कित्येकदा कूस बदलणंच औषध असतं. बोलता न येणाऱ्याचं कपाळ बघा: वळवताना आठी पडते का, मूठ आवळते का.

‘सहन होतंय’ हे उत्तर मोजमाप नव्हे. ० ते १० मध्ये किती, असं विचारा. सॉन्डर्स यांनी ‘टोटल पेन’ म्हटलं त्यात शरीर, मन, नाती आणि श्रद्धा हे चारही भाग होते. ‘समग्र वेदना’ हा त्याचा प्रतिशब्द बरोबर आहे, पण जड. मला ‘अंगाचं आणि मनाचं दुखणं’ पुरतं.

आता औषधाच्या पानावरचा ‘गरजेप्रमाणे घ्यावे’. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. गरजेची वाट बघितली की दुखणं डोक्यावर चढतं, मग तीच गोळी अपुरी पडते. ‘दर ४ तासांनी, दुखो न दुखो’ असंच लिहा. मध्येच उसळलेल्या दुखण्यासाठीची जादा मात्रा वेगळ्या ओळीत हवी. ती दिवसभराच्या एकूण मात्रेच्या एकदशांश ते एकषष्ठांश असते, म्हणजे दर चार तासांनी १० मिलिग्रॅम चालू असेल तर दिवसाचे ६० आणि जादा मात्रा ६ ते १०. आकडा प्रत्येकाचा वेगळा, तो डॉक्टरांच्या हातचाच असावा. सोबत पहिल्या दिवसापासून शौच साफ करणारं औषध. मळमळ आणि गुंगी थोड्या दिवसांत ओसरतात, बद्धकोष्ठ ओसरत नाही. लघवी कमी झाली आणि हातपाय झटके देऊ लागले तर लगेच कळवा, मूत्रपिंडं थकली की मॉर्फिनचे घटक अंगात साठतात.

आणि ‘सवय लागेल’. या दोन शब्दांमुळे लोक तळमळत पडतात. ‘सवय’ तीन वेगळ्या गोष्टींवर पसरलाय, ते वेगळं करा. औषध अंगवळणी पडतं, तेव्हा मात्रा वाढवावी लागते. शरीर सरावतं, तेव्हा एकदम बंद केलं तर घाम, जुलाब, तगमग होते, म्हणून हळूहळू कमी करतात. व्यसन म्हणजे दुखणं नसतानाही औषधासाठी जीव कासावीस होणं. दुखण्यासाठी नीट देखरेखीत घेणाऱ्या अशा रुग्णात ते क्वचित दिसतं.

एक छोटी भर

‘काळजीवाहक’ खटकतो कारण मराठीत काळजी घेणं आणि काळजी करणं ही दोन टोकं एकाच शब्दात आहेत, आणि ‘वाहक’ म्हटलं की ओझं किंवा बस आठवते. घरात आपण विचारतो, ‘त्यांचं सगळं कोण करतं?’ ‘सासूबाईंचं तीच करते.’ हे ‘करणं’ फार मोठं क्रियापद आहे. ‘रुग्णाचं करणारं माणूस’ असं लिहून बघा.

परिचारिका

‘करणं’ पटलं. म्हणूनच ‘आता करण्यासारखं काही नाही’ हे वाक्य पत्रकात आणि तोंडातही नको. दर दोन तासांनी कूस बदलणं, तासा-दोन तासांनी ओल्या स्पंजने तोंड पुसणं, ओठांना मलम लावणं, हे सगळं करण्यासारखंच असतं. ‘आजार बरा करणारं औषध उरलं नाही, त्रास कमी करणारं आहे’ असं म्हणा.

दुसरं, ‘त्यांनी अन्नपाणी सोडलं’. सोडणं हे माणसाच्या हातचं, म्हणून घरचे विनवतात, रागावतात, चमचा तोंडात कोंबतात. शुद्ध नसलेल्याच्या घशात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. ‘अन्नपाणी सुटलं’ लिहा. सुटतं ते आपोआप. खाणं थांबलं म्हणून जीव जात नाहीये. जीव जाणार म्हणून शरीराने खाणं थांबवलंय.

घरात मुलं असतील तर ‘आजोबा झोपले’ लिहू नका, मूल रात्री डोळे मिटायला घाबरतं. ‘देवाघरी गेले’ म्हटलं की ते परत कधी येणार विचारतं. ‘मेले’ मोठ्यांना जिभेवर येत नाही, तर ‘वारले’ म्हणा आणि त्याचा अर्थही सांगा: श्वास थांबला, हृदय थांबलं, आता त्यांना दुखत नाही, ते परत येणार नाहीत.

विचारणा करणारी

घरघरीचा परिच्छेद असा केलाय: ‘शेवटच्या तासांत घशातून घरघर ऐकू येते. घशात थोडी लाळ साठल्याने हा आवाज होतो. रुग्ण ग्लानीत असल्याने त्याला त्याचा त्रास बहुधा होत नाही. घाबरू नका.’

परिचारिका

‘घाबरू नका’ काढा. घाबरलेल्या माणसाला त्या दोन शब्दांचं काय करायचं कळत नाही. त्याच्या जागी लिहा: ‘त्यांना कुशीवर वळवा, डोकं थोडं उचला, तोंड पुसा, आणि हात हातात घेऊन नेहमीच्या आवाजात बोला. त्यांना ऐकू येतंय असं धरून बोला.’