शब्दचर्चा : ‘स्यूडोबल्ज’ला मराठीत काय म्हणावं?

मेहकरचे गुर्जी :
मंडळी, विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या पोरांकडून दीर्घिकांचे (म्हणजे गॅलॅक्सींचे) तक्ते करून घेतोय. तबकडी, सर्पिल भुजा, तारकागुच्छ इथवर गाडी बरी चालली. अडली मधल्या फुगीर भागापाशी. बल्जला ‘फुगवटा’ लिहिलं. पण त्याचे प्रकार निघाले क्लासिकल आणि स्यूडो. भाषांतरयंत्र म्हणतं ‘शास्त्रीय फुगवटा’ आणि ‘खोटा फुगवटा’. शास्त्रीय म्हटलं की पोरांना तंबोरा दिसतो. आणि खोटा कसा म्हणू? फोटोत तर ढळढळीत दिसतोय. त्याच पानावर ‘सेक्युलर इव्होल्यूशन’चं ‘धर्मनिरपेक्ष उत्क्रांती’ झालंय, ते तर विचारूच नका. शुक्रवारी तक्ते लावायचेत.

तंतोतंत :
छद्म. यात चर्चा कसली? अमीबाचे छद्मपाद पोरं पाठ करतातच. क्लासिकलला ‘अभिजात’ घ्या. ३ ऑक्टोबर २०२४ पासून तो शब्द घरोघरी पोचला आहे.

वैनगंगाकाठची :
गुर्जी, आधी ‘फुगवटा’च बदला. आमच्याकडे फुगवटा म्हणजे धरणाचं मागे चढलेलं पाणी. ‘शेत फुगवट्यात गेलं’ असंच बोलतात. भाच्याला गच्चीवर सांगत होते की आकाशगंगेच्या मधोमध फुगवटा आहे, तर तो म्हणतो, ‘मावशी, मग धरण कुठं बांधलंय?’

तंतोतंत :
भाचा हुशार आहे. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं, पुष्करणी. तळ्याला फुगवटा यायचाच.

रात्रपाळी :
शब्द ठरवण्याआधी वस्तू बघूया का? अभिजात म्हणता तो फुगवटा दीर्घिका एकमेकींत मिसळून झालेला असतो, असं मानतात. त्यातले तारे वाटेल त्या दिशेने फिरतात. प्रकाश केंद्रात गच्च साठलेला असतो आणि बाहेर जाताना एका ठरावीक रीतीने उतरतो. ती रीत खगोलशास्त्रज्ञ द व्होकुलर यांनी १९४८ मध्ये लंबवर्तुळाकार दीर्घिकांसाठी मांडली होती. पुढे अर्जेंटिनाच्या सेर्सिक यांनी तिला व्यापक केलं. त्यांच्या सूत्रातला आकडा ४ च्या आसपास आला की उतार द व्होकुलरांसारखा, १ आला की साध्या तबकडीसारखा. स्यूडोचा आकडा साधारण २ च्या खालीच राहतो. कारण त्याचा माल तबकडीचाच. मधला ताऱ्यांचा दांडा वायूला आत ढकलतो, तिथं नवे तारे होतात, आणि त्यांचं गरगरणं तबकडीसारखंच राहतं. अब्जावधी वर्षांचं सावकाश काम. सेक्युलर म्हणजे इथं तेवढंच. मूळ लॅटिन ‘सेक्युलम’, म्हणजे युग. तेव्हा यात खोटं काही नाही, फक्त घराणं वेगळं. मी तर ‘तबकडीज’ म्हणेन.

तंतोतंत :
तबकडीज! ‘तबक’ फारसी, त्याला संस्कृत ‘ज’ चिकटवला. छान धेडगुजरी.

रात्रपाळी :
पंकज चालतो, तबकडीज का नाही? शिवाय हा फरक नुसता कागदावरचा नाही. मधल्या कृष्णविवराचं वस्तुमान अभिजात फुगवट्याशी चांगलं जुळतं, स्यूडोशी जुळत नाही. त्रिकोण तारकासमूहातल्या एम ३३ या दीर्घिकेला धड फुगवटा नाही, तिथं मोठं कृष्णविवरही सापडलेलं नाही. देवयानी दीर्घिकेत बहुधा दोन्हींची सरमिसळ आहे. आणि गुर्जी, तक्त्यात तिसरी जातही घाला. कडेवरून दिसणारी दीर्घिका असेल तर काही फुगवटे चौकोनी दिसतात, काही शेंगदाण्यासारखे.

ज्वारीचं कणीस :
शेंगदाण्यासारखे? भाऊ, दाना पायला का कवा? दाना तं लांबुयका रायते, मधात कुठीच दबेल नसते. कंबर असते ते फल्लीले. दोन दान्याची फल्ली घ्या, टरफल नका काढू, मंग सांगा.

रात्रपाळी :
बरोबर पकडलंत. मूळ इंग्रजी शब्द दाणा आणि शेंग दोन्हींना चालतो, म्हणून सगळे डोळे झाकून ‘शेंगदाणा’ लिहितात. एनजीसी १२८ या दीर्घिकेचा फोटो बघा, मधे खचलेली, दोन्हीकडे फुगलेली. तो खरं तर दांडाच असतो. त्यातल्या ताऱ्यांच्या कक्षा वर-खाली वाकतात आणि दांडा जाड होतो. आडवा दिसला तर फल्ली, थोडा तिरपा दिसला तर चौकोन, टोकाकडून दिसला तर गोल. आपल्या आकाशगंगेचा फुगवटाही याच जातीचा. १९९० च्या दशकात कोबे उपग्रहाच्या अवरक्त चित्रांत तो चौकोनी दिसला.

तंतोतंत :
शेंग म्हणा ना मग. ‘फल्ली’ हिंदी आहे.

ज्वारीचं कणीस :
आमच्या बुढीनं हिंदी कवा शिकली, थे विचारून सांगतो तुमाले. घरात फल्लीचं तेल, बाजारात फल्लीदाने, वावरात फल्ली. तिनं ‘शेंगदाना’ फक्त रेडिओवर आयकला.

वैनगंगाकाठची :
पुण्याच्या जावेला मी फल्ली आणायला सांगितली तर ती भिंतीवरच्या फळीबद्दल बोलत होती. दहा मिनिटं दोघी भांडलो. ‘फळ’वरूनच आली असणार दोन्हीकडे, माझा अंदाज.

जुना वाचक :
एक सांगू का? आकाशगंगेचं केंद्र मूळ नक्षत्राजवळ आहे. ‘मूळ’! पूर्वजांना ठाऊक होतं. पारिभाषिक शब्द तिकडूनच घ्यावेत.

रात्रपाळी :
जवळ आहे, खरं आहे. उन्हाळ्यात मध्यरात्रीनंतर विंचवाच्या नांगीच्या बाजूला, धनूकडे बघा, तिथं आकाशगंगा जाड झालेली साध्या डोळ्यांना दिसते. पण आपण केंद्रापासून खूप लांब आहोत आणि केंद्र धनूच्या दिशेला आहे, हे खगोलशास्त्रज्ञ शॅप्ली यांनी १९१८ मध्ये दाखवलं, तेही गोलाकार तारकागुच्छ कुठं गोळा झालेत ते पाहून. नावाला केंद्राशी जोडणारा पुरावा नाही.

जुना वाचक :
पुरावा नाही म्हणजे नव्हतं असं नाही.

मेहकरचे गुर्जी :
मंडळी, छद्म, तबकडीज, की दुसरं काही? पोरं रंग घेऊन बसली आहेत.

वैनगंगाकाठची :
बल्जलाच ‘तुंबा’ म्हटलं तर? बैलगाडीच्या चाकाचा. चाकाच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला असतो, आरे त्यातूनच निघतात. फुगवट्यासारखं पाणी तर नाही त्यात.

ज्वारीचं कणीस :
ताई, आता गाड्याइले टायर आले. नववीच्या पोराले तुंबा म्हनलं तं नाली तुंबली समजन थो.

तंतोतंत :
एकदा तरी मान्य करा की बोलीतला शब्द सगळीकडे चालत नाही. सावरकरांचा ‘महापौर’ नागपुरातही चालतो आणि सांगलीतही. शेंगेला वनस्पतिशास्त्रात ‘शिंबा’ आहे. ‘शिंबाकार फुगवटा’. कोणाची फळी नाही, कोणाचं तेल नाही.

ज्वारीचं कणीस :
शिंबा कोनाच्या वावरात पिकते? बरं, रात्रपाळीभाऊ, तीन दान्याच्या फल्लीसारखी एखांदी दीर्घिका हाय का?

रात्रपाळी :
तीनदाणी वाचली नाही. पण एकात एक दोन फल्ल्या असलेल्या आहेत. एनजीसी १२८ मध्येच मोठीच्या आत लहान सापडली, २०१६ च्या अभ्यासात.

ज्वारीचं कणीस :
फल्लीत फल्ली! थिले तं अलग नाव पायजे.

तंतोतंत :
अंतःशिंबा.

ज्वारीचं कणीस :
राहू द्या, दादा. तिले मीच पायतो.