पत्रकारितेत एम.ए. करावं की थेट बातमीदारीला लागावं?

धागाकर्ती (डेस्कवरून)

माझ्या भाचीचं अर्थशास्त्रातलं बी.ए. यंदा पूर्ण झालं. आता तिला पत्रकारितेत एम.ए. करायचंय. घरचे म्हणतात, बातम्या लिहायला पदवी कशाला? एखाद्या पेपरात चिकटून घे, दोन वर्षांत आपोआप तयार होशील. मी १७ वर्षं उपसंपादक आहे, ही पदवी माझ्याकडे नाही, तरीही मी भाचीच्या बाजूची आहे.

का, ते सांगते. काही वर्षांपूर्वी जिल्हा पानाला अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची बातमी आली. रात्रीचे साडेदहा, पान सोडायची घाई. बातमीदारानं मुलीचं नाव दिलं नव्हतं. तेवढं बघितलं आणि मी मथळा देऊन मोकळी झाले. पण बातमीत गावाचं नाव होतं, मुलगी सातवीत आहे हे होतं, वडील दूध संकलन केंद्रावर कामाला आहेत हेही होतं. त्या गावात सातवीत मुली असून असून किती असणार? सकाळी आठच्या आत गावाला ती कोण ते कळलं. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ सांगतं की पत्ता, शाळा, कुटुंब, शेजार, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. मला ‘नाव छापायचं नाही’ एवढंच माहीत होतं. पुढे त्या मुलीनं शाळा सोडल्याचं कळलं. ती बातमी अजून माझ्या मनातून गेलेली नाही. हे मला कामावर रुजू होण्याआधी कुणीतरी शिकवायला हवं होतं.

तालुका बातमीदार

ताई, वाचून गलबलून आलं. पण निष्कर्ष पटला नाही. कलम २३ शिकायला अर्धा तास पुरतो, दोन वर्षं लागत नाहीत.

मी २२ वर्षं तालुक्याला आहे. माझ्या पहिल्या वृत्तसंपादकांनी जमिनीच्या वादाची माझी बातमी परत पाठवली होती. समासात लाल पेनानं लिहिलं होतं, ‘सातबारा पाहिला का? फेरफार कधीचा?’ मी एसटीनं परत तहसीलला गेलो. ज्याला मी बळकावणारा ठरवलं होतं, त्याच्याच नावावर जमीन निघाली. ही शाळा कुठल्या वर्गात मिळते? पदवी घेऊन आलेली मुलं माझ्याकडे येतात. हुशार असतात, पण ठाणे अंमलदारासमोर उभं राहून एफआयआरची प्रत मागायला कचरतात. आणि बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं तेव्हा ते विशीत होते. त्यांना कुणी पदवी विचारली होती?

धागाकर्ती

दादा, जांभेकरांचं उदाहरण माझ्याच बाजूनं जातं. कितीतरी भाषा, गणित, शास्त्रं यांचा व्यासंग करून ते पत्राकडे आले होते.

आणि तुमचे ते लाल पेनवाले वृत्तसंपादक आज कुठे आहेत? आमच्या डेस्कवर पूर्वी आठ जण होतो, आता तिघांत चार पानं लावतो. नवीन मुलाची कॉपी आली की मी ती परत पाठवत नाही, स्वतःच लिहून टाकते, कारण समजावत बसायला वेळ नसतो. त्या मुलाला आपलं काय चुकलं हे कधीच कळत नाही. पूर्वी डेस्क शिकवायचं. ते बंद पडलं, म्हणून वर्ग लागतो.

दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

मी सध्या एम.ए. करतेय, म्हणून लिहिते. आमच्या सरांनी एके दिवशी एका जिल्ह्याच्या पैसेवारीचे, म्हणजे गावोगावच्या पिकाच्या सरकारी अंदाजाचे, दोन तक्ते समोर ठेवले, एक नजर पैसेवारीचा (आधी नुसत्या पाहणीवरून काढलेला), दुसरा अंतिम. ५० पैशांच्या आत म्हणजे पीक निम्म्याहून कमी, तिथे टंचाई धरतात. एका तालुक्यातली बरीच गावं पहिल्यात ५० पैशांच्या आत होती, दुसऱ्यात सगळी ५० च्या वर. सर म्हणाले, “बातमी कुठे आहे?” पंधरा मिनिटं कुणी बोललं नाही.

मग आम्ही चौघींनी तीन गावं निवडली आणि पीक कापणी प्रयोगांचे, म्हणजे अंतिम आकड्यासाठी शेतातलं पीक कापून मोजल्याचे, तक्ते माहिती अधिकारात मागवले. अर्जाला १० रुपये, मुदत ३० दिवस. उत्तर आलं ४२ व्या दिवशी, तेही अर्धवट. पहिलं अपील केलं. ज्या शेतात प्रयोग झाल्याचं कागदावर होतं, तिथल्या आजी म्हणाल्या, “आमच्या रानात कुणी आलंच न्हाई.” तीन महिने गेले या एका बातमीत. नवशिक्या बातमीदाराला कुठला पेपर तीन महिने देईल?

टीव्ही सोडलेला

विद्यार्थिनीचं काम वाचून खरंच आनंद झाला, पण असे सर सगळीकडे नसतात. मी कर्ज काढून एका खासगी संस्थेत पदव्युत्तर पदवी केली. दोन वर्षांत अँकरिंग आणि कॅमेऱ्यापुढे कसं उभं राहायचं एवढंच शिकलो. चॅनेलला लागलो तेव्हा हप्ता भरून हातात खोलीभाड्यापुरतंही उरत नव्हतं. चार वर्षांत सोडलं.

भाचीला सांगा, एखादा विषय पक्का कर. अर्थशास्त्र आहेच, त्यातच एम.ए. कर. जिल्हा बँकेचा ताळेबंद वाचू शकणारा माणूस न्यूजरूममध्ये शोधून सापडत नाही. पत्रकारितेसाठी एक वर्षाची पदविका पुरे. अमरावतीला आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्थेच्या) केंद्रात तर मराठी पत्रकारितेचाच अभ्यासक्रम आहे.

धागाकर्ती

ताळेबंदाचं अगदी मान्य. संस्था निवडताना काय बघायचं हेही यातून कळतं. तिथली मुलं प्रत्यक्ष बातमी करतात का, कायदा कोण शिकवतं, जुन्या विद्यार्थ्यांना फोन करता येतो का. भाचीला हे विचारायला लावते. एम.ए.चा आग्रह मात्र सोडत नाही.

तालुका बातमीदार

पैसेवारीची बातमी मी २२ वर्षांत केली नाही. माझ्याच तालुक्याचे दोन्ही तक्ते काल काढून बसलो होतो. पोरी, तुझ्या सरांना नमस्कार सांग.

पण पगाराचं कुणीच बोलत नाही. मला महिन्याला मानधन मिळतं ते पेट्रोलला जातं, घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. म्हणजे ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची, त्याच्याच साखर कारखान्याची थकीत एफआरपी (शेतकऱ्यांना द्यायचा उसाचा किमान दर) विचारायची. पत्रकारांच्या पगाराबद्दलच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये वैध ठरवल्या, पण आम्ही अंशकालीन, आमच्यापर्यंत काही पोहोचलं नाही. दोन वर्षं आणि फी घालून ती मुलगी याच नोकरीत येणार असेल, तर तिनं काय करायचं, ते सांगा.

भाचीला दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस माझ्याकडे पाठवा. राहायची सोय घरी होईल, बायकोला सांगितलंय. गुरुवारी कोर्ट असतं, सोमवारी बाजार आणि तहसील. दोन्ही दिवस माझ्याबरोबर फिरू दे, मग अर्ज भरायचा की नाही ते तिचं तिनं ठरवावं.