मदत हवी आहे: बोखुमच्या ओपेल कामगारांचं पुढे काय झालं?

एम.ए.च्या प्रकल्पासाठी जर्मनीतल्या बोखुमवर लिहितेय. जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर १९६२ साली ओपेलचा कारखाना आला, डिसेंबर २०१४ मध्ये गाड्या बनणं थांबलं. मधे २००८ मध्ये नोकियानेही गाशा गुंडाळला. खाणी धरल्या तर एकाच शहराला तिसऱ्यांदा तोच मार!

जागेबद्दल भरपूर सापडतं: शेड पाडल्या, कार्यालयाची इमारत ठेवली, शेजारी डीएचएलचं पार्सल केंद्र आलं. माणसांबद्दल मात्र शेवटच्या पाळीचे फोटो, बस्स. जर्मन येत नाही. गूगलच्या भाषांतरात तक्त्यांचा पार चुथडा होतो.

किती नोकऱ्या गेल्या ते आकडे आहेत. पन्नाशीतल्या कामगारांना नंतर कसलं काम मिळालं, पगार किती घटला, याचा मागोवा घेणारा इंग्रजी अभ्यास कुणी वाचलाय का?