गुळाच्या पाटीवर जाड पायांचं इंग्रजी अक्षर: हवं की नको?

खानापूरकर
आपल्या बेळगावकडे गूळ, काजू, कुंदा विकणाऱ्या नव्या दुकानांच्या पाट्यांवर स्लॅब सेरिफ दिसू लागलाय. टोकांना जाड चौकोनी पाय असलेलं इंग्रजी अक्षर, तेही मुद्दाम खडबडीत, लाकडी ठशाने उमटवल्यासारखं. मला ते फार आवडतं. १९व्या शतकात हे वळण जाहिरातींसाठीच वाढलं. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी लाकडी टाइप, म्हणजे छपाईचे ठसे, यंत्रावर कोरायला घेतला आणि शिशाच्या ठशांत परवडत नव्हती एवढी मोठी अक्षरं छापखान्यांना मिळाली. रस्त्यापलीकडून वाचता यावं, हेच त्याचं काम. गावच्या मालाला नाजूक अक्षर शोभत नाही.

शहापूरचा पेंटर
इंग्रजीत शोभतंय, मान्य. पण पाटी नुसत्या इंग्रजीची असते काय? कर्नाटकाच्या भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाटीचा ६० टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो. उरलेल्यात इंग्रजी आणि मराठी. हे अक्षर आडवं पसरतं, प्रत्येक पायाला जागा लागते. मग दाबली जाते कोण? खालची मराठी ओळ. गिऱ्हाईक आपलंच, आणि त्यालाच डोळे बारीक करून वाचायला लावायचं!

निपाणी डीटीपी
दादा, जागेचं बरोबर आहे, पण त्यात फाँटचा काय दोष? इंग्रजी ओळ लहान करा. माझी हरकत वेगळी आहे. हल्ली काही जण मराठीलाही पाय चिकटवतात. ‘ग’च्या दांडीखाली आडवी पट्टी आली की लांबून उकाराचा भास होतो. देवनागरीचं वजन वर शिरोरेषेत असतं, खाली पाय मागतच नाही. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कर्मा’ फाँट बघा: इंग्रजी बाजू स्लॅब, देवनागरी तिच्या तोलाची, आणि मोफत मिळतो.

खानापूरकर
‘कर्मा’ चांगला आहे, पण तो मजकुराचा फाँट, नीटनेटका. मला हवा तो रांगडेपणा त्यात नाही.

टिळकवाडीची सून
रांगडेपणा पाकिटावर महागात पडतो, भाऊजी. कडा खडबडीत केल्या की लहान आकारात ‘ष्ठ’, ‘ट्र’ शाईने भरून जातात, रफार तर दिसतच नाही. वजन, तारीख, किंमत साध्या अक्षरातच हवी, यावर मी हटणार नाही. नाव मोठं असेल तर घ्या स्लॅब. पण अमेरिकेच्या जुन्या भिंतीपत्रकांवरचं वळण आपल्या गुळाला का? खडे बाजारात चपट्या ब्रशने रंगवलेल्या जुन्या पाट्या आहेत, तिरका काप, भरदार काना. त्यावरून फाँट करा ना कुणीतरी!

खानापूरकर
तसा फाँट आला तर पहिला मी वापरीन. तोवर नाव स्लॅबमध्ये, बाकी साधं, एवढं मी मानतो. पण परकं म्हणून टाकून द्यायला मी तयार नाही. छापखानाही बाहेरूनच आला.

शहापूरचा पेंटर
मग मराठी ओळ इंग्रजीएवढ्या उंचीची ठेवून एक पाटी करून दाखवा. गणपत गल्लीत, संध्याकाळच्या गर्दीत, समोरच्या बाजूने वाचता आली तर मी माझं म्हणणं मागे घेतो.