चार महिन्यांत तीनदा चक्कर येऊन पडलो, रिपोर्ट सगळे नॉर्मल, आता अजून कुणाला दाखवू का?

प्रश्न

वय 36, बीपी-शुगर काही नाही. पहिल्यांदा पडलो ते रक्त द्यायला गेलो तेव्हा, सुई टोचली आणि दरदरून घाम, माणसांचे आवाज लांबून आल्यासारखे आणि खुर्चीतच कलंडलो, ते हसण्यावारी नेलं. दुसऱ्यांदा रात्री लघवीला उठलो, उभ्या उभ्या डोळ्यासमोर अंधारी आली, शुद्धीवर आलो तेव्हा गाल गार फरशीवर आणि नाकासमोर बादली. तिसऱ्यांदा मागच्या आठवड्यात बॅडमिंटन खेळताना, ह्या वेळी घाम नाही अंधारी नाही, वर शटलकडे बघत होतो आणि त्यानंतर आठवतात ते थेट माझ्यावर वाकलेले चेहरे. हनुवटीला तीन टाके पडले. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड सगळं नॉर्मल, डॉक्टर म्हणाले अशक्तपणा आहे आणि टॉनिक दिलं. बायको मागे लागलीय की हार्टवाल्याला दाखव, मला वाटतं उगाच टेन्शन घेतेय. तुमचं काय मत?

प्रतिसाद 1

मलापण व्हायचं हे, लो बीपी. पाणी भरपूर प्या, मीठ थोडं वाढवा, होईल बरं.

प्रतिसाद 2

वरच्यांनी मिठाचं सरसकट सांगू नये, आधी कारण तर कळू दे. बाकी पहिल्या दोन वेळा मला साध्याच वाटतात. सुई बघून किंवा लघवी करताना नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी एकदम उतरतं आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. अशा वेळी आधी सूचना मिळते, घाम, मळमळ, अंधारी, तेव्हा लाज न बाळगता तिथंच आडवं व्हायचं, ते नाही जमलं तर पायांची अढी घालून मांड्या आवळायच्या. आणि रात्री बसूनच लघवी करा राव, त्यात कसला कमीपणा.

पण तिसरी वेळ ह्या दोघींच्या रांगेत बसत नाही! खेळता खेळता, काही सूचना न देता, हनुवटी फुटेपर्यंत पडलात. हात पुढे टेकायलासुद्धा वेळ मिळाला नाही ना? टॉनिक देण्याआधी ईसीजी काढला का कुणी?

प्रतिसाद 3

मी नर्स आहे. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून हृदयाची लय नॉर्मल आहे असं होत नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रम करताना किंवा आडवं असताना शुद्ध गेली, आधी छातीत धडधड झाली किंवा दुखलं, तर थांबायचं नाही. ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), झोपून आणि उभं राहून बीपी एवढं तर व्हायलाच हवं, गरज पडली तर 24 तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोक्यांची सतत नोंद ठेवणारं छोटं यंत्र. ईसीजी दहा सेकंदांचा असतो, त्यात सापडलं नाही म्हणजे नाहीच असं नाही.

तीन गोष्टी सांगा. पडल्यावर किती वेळात भानावर आलात, जीभ चावली होती का (फिट होती का ते बघायला, नुसते हातपाय झटकले म्हणजे फिट असं नसतं) आणि घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय का?

प्रश्नकर्ता

ईसीजी नाही काढला. पार्टनर म्हणतो अर्ध्या मिनिटात उठलो आणि लगेच स्कोअर विचारला. जीभ नाही चावली. अचानक म्हणाल तर एक काका पोहताना बुडाले, 31 वर्षांचे होते. पण ते अपघातात धरतात ना, हार्टचं काही नव्हतं त्यांना. पोहण्यात एकदम पटाईत होते असं बाबा सांगतात.

प्रतिसाद 3

पटाईत माणूस बुडाला म्हणूनच विचारतेय. पोहता पोहता लय बिघडून शुद्ध जाऊ शकते, आणि असले काही आजार घराण्यात चालत येतात. तुमचं तेच आहे असं मी म्हणत नाही, पण काकांची ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा, नुसतं चक्कर येते म्हणू नका. आजच जा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका, इमर्जन्सीत ईसीजी लगेच काढतात. बायकोला सोबत न्या आणि गाडी तुम्ही चालवू नका. बॅडमिंटन तोवर बंद.

प्रश्नकर्ता

निघतोय. ती चप्पल घालून दारात उभीच आहे.